नवीन रिव्हॉल्वर, फॅक्टरीचं ग्रीस आणि आपला गोव्याचा पावसाळा: साफसफाई नेमकी कशी करायची?

डिचोलीकर (धागाकर्ता) · २८ मे, रात्री १०:५०

मंडळी, बरीच वर्षं इथं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

धंद्यानिमित्त रोज संध्याकाळी रोकड घेऊन फिरावं लागतं म्हणून लायसन्ससाठी अर्ज केला होता, दीड वर्ष खेपा मारून एकदाचं हातात आलं आणि गेल्या आठवड्यात .३२ रिव्हॉल्वर घेतलं. सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीचं, सहा गोळ्यांचं, मधून मोडतं ते. पुठ्ठ्याचा खोका, आत प्लॅस्टिक पिशवी आणि पिशवीच्या आत... काय सांगू, फणस कापल्यावर हाताला चीक लागतो ना, तसलं पिवळं-तपकिरी चिकट ग्रीस सगळीकडे. नळीत, चेंबरात (गोळ्या बसतात त्या भोकांत), हॅमरच्या म्हणजे घोड्याच्या खाचेत. दोन दिवस नुसतं कपाटात ठेवलंय कारण हात लावला की हात धुवायला अर्धा तास.

आता सल्ले ऐका. डीलर म्हणाला काही करू नका, रेंजवर दहा राऊंड मारा आपोआप निघून जाईल. चुलतभाऊ म्हणतो बिजागरीला मारतात तो स्प्रे मार आणि विसरून जा. शेजारचे काका म्हणतात ग्रीस काढूच नको, पाऊस तोंडावर आलाय, तेच गंजापासून वाचवेल. आणि आई म्हणते चीक जातो कशाने? खोबरेल तेलाने. लाव खोबरेल.

माझ्या वडिलांकडे शेतीसाठीची बारा बोअर बंदूक होती, ती ते कशी पुसायचे ते लहानपणी पाहिलंय पण लक्षात काहीच नाही, फक्त रॉकेलचा वास आठवतो. तर कुणी अनुभवी आहे का?

---

सुभेदार_निवृत्त · २८ मे, रात्री ११:३०

अभिनंदन बाब. ग्रीसचं नंतर बोलू. आधी हे वाच आणि घरातल्या सगळ्यांना वाचून दाखव.

हत्यार साफ करायला बसशील त्या खोलीत एकही गोळी नको. टेबलावर नाही, खिशात नाही, ड्रॉवरमध्ये पण नाही, दुसऱ्या खोलीत कुलपात. मग नळीचं तोंड भिंतीकडे किंवा जमिनीकडे धरून हत्यार मोड, सहाच्या सहा चेंबर डोळ्यांनी बघ, मग बोट फिरवून बघ, मग पुन्हा मोज. नवीन आहे म्हणजे खालीच असणार हे धरून चालायचं नाही. अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, सफाई करताना सुटलेल्या गोळ्यांच्या दोन चौकश्यांना बसलोय. दोन्ही वेळा एकच उत्तर, "साब, खाली था."

पोरं घरात असतील तर ती झोपल्यावर कर. आणि चहा, फोन, टीव्ही बंद.

---

खाजनातला_खेकडा · २८ मे, रात्री ११:४४

खोबरेल लावाच, वर थोडी मिरसांग (मिरची) आणि आमसूल टाकलं की झालंच हुमण, म्हणजे माशाची आमटी. ह.घ्या. (हलके घ्या) :)

---

रसायनवाला · २९ मे, सकाळी ७:१५

खेकड्याला हसू द्या, पण आईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे हं. चीक म्हणा, ग्रीस म्हणा, चिकट पदार्थ तेलातच विरघळतो, पाण्याने आणि साबणाने नाही. मात्र खोबरेल नको. एक तर ते २४-२५ अंशाच्या खाली थिजतं, ए.सी.च्या खोलीत सेफ असेल तर हॅमरच्या खाचेत सकाळी मेण झालेलं सापडेल. दुसरं, देवघरातली समई चार दिवस न घासता ठेवा, तेलाच्या कडेला हिरवं येतं बघा. खाण्याच्या तेलात थोडं आम्ल असतं, ते पितळ-तांबं खातं, आणि तुमच्या काडतुसाची पुंगळी पितळेचीच आहे. करडई, जवस, सूर्यफूल ही तर आणखी वाईट, हवा लागली की वाळून लाखेसारखी घट्ट होतात.

लागतं ते खनिज तेल, पातळ. शिलाई मशीनचं तेल मिळतं ना म्हापशाच्या बाजारात बाटलीत, ते सुद्धा चालतं. बंदुकीचं खास तेल मिळालं तर उत्तम, पण त्यासाठी काम अडवून ठेवू नका.

---

सत्तरीचो_पात्रांव · २९ मे, सकाळी ९:०२

आमच्याकडे वाळपईला आजोबांपासून रॉकेलनेच होतंय. रॉकेलच्या पेल्यात चिंधी बुडवायची आणि पुसायचं. ८० वर्षं बंदूक चालली. एवढं शास्त्र कशाला?

---

रसायनवाला · २९ मे, सकाळी ९:४०

पात्रांव, रॉकेल ग्रीस काढायला झकास आहे, त्याबद्दल वाद नाही. पण रॉकेल काढतं, राखत नाही. ते उडून गेलं की खाली उघडं लोखंड राहतं. तुमचे आजोबा रॉकेलनंतर काहीतरी नक्की लावत असणार, विचारून बघा घरात.

आणि पेट्रोल कुणी वापरू नका कृपया. बाल्कनीत बसा, गॅसपासून लांब, उदबत्ती विझवून.

---

सत्तरीचो_पात्रांव · २९ मे, दुपारी १:२०

विचारलं. आजी म्हणते शिलाई मशीनची बाटली कायम त्यांच्या खोलीत असायची आणि ती इतकी वर्षं समजत होती की ते तिच्या मशीनसाठी आणून ठेवतात. मान्य.

---

नेम_धरताना · २९ मे, दुपारी ३:०५

मी .२२ स्पोर्ट पिस्तूल मारते, सहा-सात वर्षं झाली. डिचोलीकर, डीलरचं ऐकू नका. नळीत ग्रीस असताना गोळी मारायची नाही, अजिबात नाही. नळीत जाड काही अडून असलं की दाब वाढतो, बारीक ग्रीसने नळी फुटेल असं नाही पण नवीन हत्यारावर हा प्रयोग कशाला. शिवाय तापलं की तेच ग्रीस जळून काळी खरपूड होते आणि मग ती काढायला दुप्पट घासावं लागतं.

फॅक्टरीतलं ते ग्रीस वंगण नाहीच मुळी. खोक्यात वर्ष-दोन वर्षं पडून राहिलं तरी गंजू नये म्हणून लावलेलं असतं. त्यात कारखान्यातला लोखंडाचा भुसा पण अडकलेला असतो, बारीक, बोटावर चोळून बघा करकरतो. तो भुसा आत ठेवून हत्यार चालवलं म्हणजे पॉलिश पेपर घालून चालवल्यासारखं. म्हणून आधी सगळं काढायचं मग आपलं तेल लावायचं.

माझी पद्धत सांगते. जुना टूथब्रश, कापसाच्या बारीक काड्या, जुन्या सुती बनियनच्या चिंध्या, नळीसाठी पितळी तारांचा ब्रश (नळीच्या मापाचाच घ्या, स्टीलच्या तारांचा अजिबात नको), आणि खाली वर्तमानपत्राची जाड घडी. ब्रश एका बाजूने घातला की पार दुसऱ्या टोकाला बाहेर काढायचा मग मागे ओढायचा, मधेच उलटा फिरवला तर तारा वाकतात. जमेल तिथे मागच्या बाजूने घालायचा. तुमच्या रिव्हॉल्वरमध्ये सिलिंडर (गोळ्यांचं फिरतं चक्र) काढल्याशिवाय ते जमणार नाही, पुस्तिकेत काढायची रीत दिलेली असते, तेवढीच करा. तोंडाकडून घालावाच लागला तर दांडी नळीच्या तोंडाच्या कडेला घासू देऊ नका, गोळी शेवटचं बोट लावून निघते ती ती कड, तिथे चरा पडला की नेम गेला.

तेल किती? हा खरा प्रश्न. सगळे जास्त घालतात. टाचणीच्या डोक्याएवढा थेंब, तेवढ्या चार-पाच जागा, बाकी नुसता तेलाचा हात फिरवायचा आणि कोरड्या फडक्याने परत पुसायचं. पुसल्यावर बोट लावलं तर बोट चमकलं पाहिजे, ओलं व्हायला नको.

---

डिचोलीकर (धागाकर्ता) · २९ मे, संध्याकाळी ६:३०

ताई, हे म्हणजे सोनं दिलंत. चार-पाच जागा कुठल्या तेवढं सांगाल?

---

नेम_धरताना · २९ मे, रात्री ९:१५

तुमच्या प्रकारात मोडायची जी बिजागरी आहे ती, सिलिंडर ज्या दांड्यावर फिरतो तो दांडा, वरची खिट्टी, हॅमरच्या दोन्ही बाजू जिथे चौकटीला घासतात तिथे, आणि ट्रिगरच्या खिळ्याला आत जाईल असा एक थेंब.

आणि जिथे तेल नकोच ते जास्त महत्त्वाचं. चेंबरच्या आत नको, पूर्ण कोरडे करा. रिव्हॉल्वर मोडल्यावर ती चांदणीसारखी चकती वर उठते ना, पुंगळ्या बाहेर ढकलणारी, तिच्या खाली तेल नको. तिथे तेल राहिलं की धूळ, कापसाचे तंतू, जळकी दारू सगळं चिकटतं, चकती केसभर वर राहते आणि सिलिंडर अडतो. लोक म्हणतात हत्यार खराब निघालं, असतं काय तर एक तंतू.

तेलकट हाताने गोळ्यांना पण हात लावायचा नाही. पातळ तेल पुंगळीच्या बुडाशी ठिणगी पाडणारी कॅप असते तिच्या कडेने आत झिरपतं, कॅप मेली की ट्रिगर दाबल्यावर नुसतं टक्. हात धुवा, पुसा, मग गोळी. आणि हात तसेही धुवायचेच, साबणाने, कॅप आणि गोळीतलं शिसं अंगात जाऊन चांगलं नसतं. जेवणाच्या टेबलावर साफ करणाऱ्यांना तर माझा साष्टांग नमस्कार.

---

सुभेदार_निवृत्त · २९ मे, रात्री ९:५०

सहमत. आमच्याकडे फुलथ्रूच्या (नळीतून ओढायच्या सफाईच्या दोरीच्या) चिंदीचं माप सुद्धा ठरलेलं असायचं, सुकी चार बाय दोन इंच, तेलाची चार बाय दीड. एनसीसी केलेल्यांना आठवत असेल. कोवळी पोरं विचारायची उस्ताद तेलाची लहान का? कारण तेलाची चिंदी घट्ट बसली तर जातानाच सगळं तेल निथळून पुसलं जातं, लावायला उरत नाही. ते माप रायफलचं होतं, रिव्हॉल्वरला तुझी तू कापून बघ, अक्कल तीच.

---

गंजलेला · ३० मे, सकाळी १०:१०

नावावरून कळलं असेल. माझी कथा सांगतो म्हणजे कुणाला उपयोग होईल.

२०२४ ची लोकसभा. १६ मार्चला आचारसंहिता लागली, हत्यार जमा करायची नोटीस आली, मी शहाणा, चामड्याच्या नव्याकोऱ्या होल्स्टरमध्ये घालून, तो बटणपट्टा लावून, झोकात जमा करून आलो. आपल्याकडे मतदान ७ मेला झालं पण आचारसंहिता ६ जूनपर्यंत होती, मग मी लग्नसराईत, मग पाऊस, परत आणायला गेलो तोवर जून संपत आला. तिथेच चौकीत पट्टा उघडला. पट्ट्याच्या बटणाची गोल खूण जशीच्या तशी पोलादावर, नारिंगी. आणि मुठीच्या वर जिथे मी शेवटचं धरलं होतं तिथे माझ्याच अंगठ्याचा ठसा, रेघा मोजता येतील असा, गंजाचा. चौकीवाल्याने हसून विचारलं आधार कार्ड लिंक करायचं का.

चूक सर्वस्वी माझी. ठेवताना पुसलं नाही, आणि चामड्यात ठेवलं. चामडं कमावताना त्यात क्षार आणि आम्ल राहतं आणि ते स्पंजासारखं दमट हवा पितं. होल्स्टर कमरेला लावायला, ठेवायला नाही.

आता जमा करायची वेळ आली की तेलाचा जरा जाड हात, गंजरोधक कागद मिळतो त्यात गुंडाळून, सुती पिशवी, वर चिठ्ठी आणि पावती. कुणाला जमा करावं लागतं कुणाला नाही ते तिथली समिती ठरवते, पण आलं तर तयार असावं.

---

रसायनवाला · ३० मे, सकाळी ११:२५

गंजलेला, तुमचा अंगठा पाठ्यपुस्तकात छापायला हवा!

घामात मीठ असतं हे सगळ्यांना माहीत. पण मजा पुढे आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून विरघळतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं ते हेच. आणि जुलैत आपल्याकडे ७५ च्या खाली कधी येतं? म्हणजे तुम्ही बोट लावून ठेवलेलं, तुम्हाला कोरडं दिसणारं हत्यार खरं तर बोटाच्या आकाराच्या खाऱ्या डबक्याखाली आहे, चोवीस तास. दिल्लीच्या माणसाला वर्षातून चारदा पुसलं तरी चालतं, त्याचे व्हिडिओ बघून आपण वागलो तर आपलं वाटोळं. मोरजी, वास्कोसारख्या समुद्राजवळ राहणाऱ्यांना तर घाम लागतच नाही, वाराच पुरतो.

म्हणून माझं मत असं की कुठलं तेल हा वाद इथे दुय्यम आहे. हात लागला की पुसायचं. एवढंच जमलं तर शिलाई मशीनचं तेलही पुरतं, आणि ते जमलं नाही तर परदेशी बाटली आणूनही फुकट.

---

खाजनातला_खेकडा · ३० मे, दुपारी १२:००

आमच्या तीर्थरूपांनी आजोबांच्या बारा बोअरवरचा गंज सोलांनी (आमसुलांनी) घासून काढला होता. तांब्याची घागर लख्ख होते तर बंदूक का नाही म्हणे. बंदूक लख्ख झाली. काळी होती, पांढरी झाली. पुढच्या आठवड्यात लाल झाली.

(हे मात्र ह.घ्या. नाही, खरंच झालंय.)

---

रसायनवाला · ३० मे, दुपारी १२:२०

अरेरे. ती काळी फिनिश म्हणजे सुद्धा लोखंडाचा ऑक्साइडच, फक्त चांगल्या जातीचा, धरून राहणारा. आम्लाला जातीचा फरक कळत नाही. सोलां, चिंच, लिंबू, व्हिनेगर, सगळे दोघांनाही खातात. गंजाचा ठिपका दिसलाच तर चार शून्यांची एकदम बारीक स्टील वूल तेलात बुडवून अलगद, दाब न देता. पॉलिश पेपर, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, काही नाही.

---

मडगांवचो_रोनाल्ड · ३१ मे, सकाळी ८:३०

माझं मराठी थोडं कच्चं, सांभाळून घ्या. माझ्याकडे .३२ चं पिस्तूल आहे, रिव्हॉल्वर नाही. तर हेच सगळं लागू का? आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) फोगांबरोबर म्हणजे फटाक्यांबरोबर हवेत एक बार काढला तर नळी साफ होते का, एक मित्र म्हणाला :)

---

सुभेदार_निवृत्त · ३१ मे, सकाळी ९:१०

रोनाल्डबाब, मित्र बदल. २०१९ साली आर्म्स ॲक्टमध्ये दुरुस्ती झाली, आनंदात हवेत गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वर लायसन्स जाईल ते वेगळं. वर गेलेली गोळी खाली येतेच, कुणाच्या तरी गणपतीच्या माटोळीवर येईल.

पिस्तुलाला एक गोष्ट कपाळावर लिहून ठेव, मॅगझिन (गोळ्यांची डबी) आधी काढायचं, स्लाइड (वरचा सरकता भाग) नंतर मागे घ्यायची. उलट केलंस, म्हणजे आधी स्लाइड खेचून गोळी काढली आणि मॅगझिन आतच, तर स्लाइड पुढे जाताना नवी गोळी चेंबरात घेऊन जाते, आणि तू समजतोस काढली. मग मॅगझिन काढतोस, समजतोस खाली. चौकशीत हेच बसतं. स्लाइड मागे अडकवून चेंबरात करंगळी घालून बघ.

---

नेम_धरताना · ३१ मे, सकाळी १०:४५

तेलाचं: स्लाइड ज्या रुळांवरून सरकते त्या रुळांना पातळ रेघ, नळीच्या बाहेरच्या अंगाला हात. फायरिंग पिनच्या भोकात तेल नको, तिथे चिकट झालं की पिन मंद आपटते. मॅगझिन आतून कोरडंच. खोलायचं तेवढं पुस्तिकेत सांगितलंय तेवढंच खोला रोनाल्ड, स्प्रिंगा उडाल्या की कपाटाखाली शोधत बसाल.

---

मडगांवचो_रोनाल्ड · ३१ मे, सकाळी ११:००

देव बरें करूं ताई. एक स्प्रिंग आधीच उडालेली होती मागच्या वर्षी. फ्रिजखाली मिळाली.

---

धारदार · ३१ मे, दुपारी ४:४०

ट्रिगर फार जड आहे आपल्या ऑर्डनन्सवाल्यांचा. आतला हुक जरा घासून हलका करता येतो असं ऐकलंय, कुणी केलंय का घरी?

---

सुभेदार_निवृत्त · ३१ मे, दुपारी ४:५५

नको. पडलं की सुटेल असं हत्यार होतं. लायसन्सवाला गनस्मिथ आहे त्याच्याकडे जा, आणि तो नाही म्हणाला तर त्याचं ऐक. या विषयावर इथे पुढे कुणी काही लिहू नका ही विनंती.

---

डिचोलीकर (धागाकर्ता) · २ जून, रात्री ११:५५

केलं! रात्री पोरं झोपल्यावर बसलो, गोळ्या वरच्या मजल्यावर कुलपात, बाल्कनीत वर्तमानपत्र, वाटीत रॉकेल (पात्रांव, तुमच्या आजोबांची आठवण काढून). सहा चेंबर तीनदा मोजले, सुभेदारकाका.

पहिल्या चार चिंध्या नुसत्या पिवळ्या आल्या. मग करड्या. ताईंनी म्हटलं तसं बोटावर चोळून बघितलं, खरंच करकरतं! ती चांदणी उचलून टूथब्रश फिरवला तर खालून एक लोखंडी किस निघाला, नखाच्या कडेएवढा, वळलेला, खोबरं किसल्यावर खवणीला राहतो तसा. हा तिथे राहिला असता आणि मी रेंजवर गेलो असतो. चकती बसवून सिलिंडर फिरवला तर आधी जिथे एका जागी हलकंसं अडायचं ते गेलं, मला वाटलेलं नवीन आहे म्हणून कडक आहे.

मग सगळं कोरडं करून शिलाई मशीनचं तेल, टाचणीएवढं. पुसलं. परत पुसलं. पूर्ण दोन तास लागले, त्यातला एक तास ग्रीसशी मारामारी. पुस्तिका बघून सिलिंडर काढला, परत बसवताना मात्र घाम फुटला, आणि घाम फुटला म्हणून परत पुसलं :)

प्रश्न एकच उरला, ठेवू कुठे? सेफ बेडरूममध्ये आहे, तिथे रात्री ए.सी. असतो.

---

गंजलेला · ३ जून, सकाळी ८:००

झकास! किस जपून ठेव, फ्रेम करू.

सेफबद्दल: ए.सी. खोली कोरडी असते म्हणून जागा वाईट नाही, पण थंड झालेलं पोलाद उचलून थेट बाहेर दमट हवेत आणलंस की काय होतं? फ्रिजमधली सोड्याची बाटली बाहेर काढल्यावर काय होतं तेच. वरून घाम सुटतो, आणि तो नळीच्या आतही सुटतो जो दिसत नाही. म्हणून बाहेर काढायचं तर पिशवीतच गुंडाळलेलं पंधरा-वीस मिनिटं राहू दे, मग उघड, मग पूस.

---

पणजीची_पावशी · ३ जून, सकाळी ९:३०

बंदुकीतलं मला ओ की ठो कळत नाही पण कॅमेरा आणि लेन्सला बुरशी येऊ नये म्हणून पावसाळ्यात जे करते ते सांगते. सिलिका जेलच्या निळ्या गोळ्या, हवा प्यायल्या की गुलाबी होतात. गुलाबी झाल्या की फेकू नका, ओव्हनमध्ये १२० अंशाला तास-दोन तास, परत निळ्या. (खाण्याचा ट्रे वापरू नका, तो निळा रंग कोबाल्टचा असतो.) आणि डब्याचं झाकण घट्ट पाहिजे, उघड्या कपाटात टाकलेल्या गोळ्या म्हणजे अख्खा गोवा वाळवायला निघाल्यासारखं. तांदळाच्या पुरचुंडीने फार काही होत नाही, आधी ते पण करून झालंय.

आजी कपड्यांच्या कपाटात पंधरा वॉटचा बल्ब लावून ठेवायची जून ते सप्टेंबर. तुमच्या सेफमध्ये वायर जात असेल तर तोही उपाय आहे, हल्ली बारीक हीटर दांड्या मिळतात.

---

रसायनवाला · ३ जून, सकाळी १०:००

+१. यातलं काहीच नसेल तर निदान फोम नको. त्या छान छान खोक्यांतला काळा फोम दमटपणा धरून ठेवतो.

---

डिचोलीकर (धागाकर्ता) · ३ जून, सकाळी १०:२०

डब्यात सिलिका, गंजरोधक कागद, सुती पिशवी, होल्स्टर वेगळं खुंटीला. ठरलं. फोमचा खोका माळ्यावर. सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवलीय.

---

डिचोलीकर (धागाकर्ता) · १९ जुलै, रात्री १०:४०

धागा वर काढतोय, अपडेट द्यायचं राहिलं होतं.

पाऊस तर बघताच आहात, तीन आठवडे डिचोलीत सूर्य दिसलेला नाही, भिंतीवर हात ठेवला तर हाताला पाणी लागतं, चपलांना बुरशी आली, लग्नाच्या सुटाला आली. रिव्हॉल्वर दर रविवारी काढतो, पंधरा मिनिटं पिशवीत, मग पुसून परत. रेंजवर जाऊन आलो, चोवीस राऊंड, एकदाही अडलं नाही, आणि आल्या आल्या त्याच संध्याकाळी साफ केलं, नळीतून काळं निघालं ते दहाव्या चिंधीला पांढरं झालं. सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर काळ्या कड्या राहिल्यात, त्या काही जात नाहीत.

गंजाचा एक ठिपका मात्र सापडला. कुठे, तर मुठीच्या लाकडाच्या कडेला जो स्क्रू आहे त्याच्या खाचेत. टाचणीएवढा. तिथे फडकं पोचतच नव्हतं.

---

नेम_धरताना · १९ जुलै, रात्री ११:०५

त्या कड्या राहू द्यात, सगळ्यांच्याच रिव्हॉल्वरवर असतात :) घासत बसलात तर फिनिश जाईल. स्क्रूच्या खाचेत काडीने तेलाचा एक थेंब, तिथे पुसायचं नाही, राहू द्या.

---

सुभेदार_निवृत्त · २० जुलै, सकाळी ६:१०

चोवीस राऊंडचा हिशेब लिहून ठेवलास ना? पुंगळ्या, पावत्या, सगळं. लायसन्स नूतनीकरणाला गेलास की विचारतील.

---

डिचोलीकर (धागाकर्ता) · २० जुलै, सकाळी ८:४५

लिहिलंय काका, वहीच केलीय. ताई, स्क्रूला थेंब दिला.

बाकी एक घरगुती भानगड झालीय. सफाईचा टूथब्रश धुऊन मी न्हाणीघरातल्या पेल्यात वाळत ठेवला होता, निळा. बायकोचाही निळाच. आज सकाळी ती म्हणाली पेस्टला रॉकेलचा वास का येतोय. मी सध्या दुकानात बसून हे लिहितोय, घरी जेवायला जाऊ की नको?

---

खाजनातला_खेकडा · २० जुलै, सकाळी ८:५०

जा, पण सुभेदारकाकांनी सांगितलंय तसं आधी खोलीत एकही गोळी नाही ना ते तीनदा मोज.